मंत्रिमहोदय, त्या दोन बादल्या कोणाच्या वाटेत येत होत्या?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात वडोदऱ्यात शालेय विज्ञान प्रदर्शन झालं. आपण प्रमुख पाहुणे होतात. आपल्याला यायला उशीर झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कामाचा व्याप मी समजू शकते. पण गेल्या वर्षी आपण याच मुलांना व्यासपीठावरून शब्द दिला होता की पुढच्या वेळी एकूण एक टेबलापाशी येईन आणि प्रत्येकाचं ऐकून घेईन. माझी मुलगी आठवीत आहे. तिने तो शब्द खरा मानला आणि वर्षभर त्याच्या तयारीत होती. यंदा आपण दारालगतची चार टेबलं पाहिलीत, फोटो झाले, सत्कार झाला, गाड्या निघाल्या. ती मात्र रिकाम्या टेबलामागे उभी होती. आपण येण्याआधीच स्वयंसेवकांनी तिचा प्रयोग उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला होता. पाणी सांडून गालिचा ओला होईल म्हणून.

काय होता तो प्रयोग, हे आपल्याला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

दोन बादल्या, एक वाटी आणि वेळ मोजायला माझा मोबाइल. वाटीला आतून नेलपॉलिशची रेघ, औषधाच्या मापाने मोजून बरोबर 70 मिलिलिटरवर. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण तेवढं रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला 72 ठोके धरले तर पाच लिटर झाले, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त. येणाऱ्याने एका मिनिटात 72 वाट्या या बादलीतून त्या बादलीत टाकून दाखवायच्या, एवढंच. घरी आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं. माझे दीर रोज व्यायाम करतात, तेही मिनिट संपायच्या आधी थांबले. मग ती सांगते की हे काम मुठीएवढा, जेमतेम 300 ग्रॅमचा स्नायू झोपेतसुद्धा करतो. दिवसाला सात हजार लिटर. आमच्या वाड्याच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, ती रोज सात वेळा भरायची आणि उपसायची.

हा हिशेब कुठून आला, तेही तिने कागदावर लिहून लावलं होतं. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्लंडच्या वैद्याने असाच गुणाकार मांडला. त्याआधी जवळजवळ दीड हजार वर्षं गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याचं म्हणणं चालत आलेलं होतं की खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं आणि ते शरीरात वापरून संपतं. हार्वेने विचारलं, अर्ध्या तासात हृदयातून इतकं रक्त जात असेल तर तेवढं अन्न खातो कोण? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. धमन्यांतून शिरांत ते नेमकं कसं उतरतं हे त्याला दिसलं नाही. 1661 मध्ये इटलीच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या, म्हणजे धमन्यांना शिरांशी जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्या, पाहिल्या, तेव्हा ती कडी जुळली. तेरा वर्षांची मुलगी हे पाठ म्हणत नव्हती, मंत्रिमहोदय. वाटीने पाणी उपसताना तिला ते पटलं होतं.

आणि तिची वही! वाड्यातल्या शेजाऱ्यांची नाडी तिने आधी बसवून मोजली आणि मग जिना चढवून मोजली. अंगठ्याने मोजायची नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, हे तिने मला शिकवलं. शेजारच्या तान्ह्या बाळाची नाडी एकशेवीसच्या वर निघाली. आजीची संथ, आणि जिना चढूनही फारशी वाढेना. बाकी सगळ्यांची वाढते, आजीचीच का नाही? हा प्रश्न तिने वहीत चौकट करून लिहिला आणि आमच्या डॉक्टरांना जाऊन विचारला. आजीला रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू आहे, ती ठोक्यांचा वेग वाढू देत नाही. ती गोळी आम्ही रोज हातावर ठेवतो, आणि घरातल्या एकाही मोठ्या माणसाला हे माहीत नव्हतं. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, आई, याच्या हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडत असतील गं? शोधून काढलं. खोल बुडी मारली की मिनिटाला दोन ठोक्यांपर्यंत खाली येतं, 2019 मध्ये संशोधकांनी जिवंत देवमाशावर यंत्र लावून मोजलं आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी करून तिने छातीचे ठोके ऐकवायची सोय केली होती, कारण 1816 मध्ये लेनेक या फ्रेंच डॉक्टरने पहिला स्टेथोस्कोप कागदाच्या सुरळीनेच केला होता.

परीक्षक आले तेव्हा टेबल मोकळंच होतं. ती वही पुढे करून बोलू लागली. एकाने विचारलं, ‘बेटा, वर्किंग मॉडेल क्यां छे? लाइट नथी?’ आणि पुढे गेले. वही उघडलीसुद्धा नाही.

पहिला नंबर बाजारात तयार मिळणाऱ्या प्लास्टिकच्या हृदयाला मिळाला. बटण दाबलं की लाल-निळे दिवे लागतात. ते आणणाऱ्या मुलीवर माझा राग नाही, तिलाही कोणी काही विचारलं नाही. तिला जे येतं ते सांगायची संधी तिचीही गेली. राग आहे तो मोठ्यांवर. स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहा. पचनसंस्था, मेंदू, डोळा, मूत्रपिंड, हवं ते थर्मोकोलमध्ये रंगवून मिळतं, वर मुलाने बोलायचा कागदही सोबत देतात. शिक्षकांना माहीत आहे, परीक्षकांना माहीत आहे. एनसीईआरटीच्या निकषांमध्ये मुलांची स्वतःची कल्पकता, वैज्ञानिक विचार, कमी खर्च यांना गुण ठेवलेले आहेत. ते निकष कोणी वाचले?

माझं स्वतःचं सांगते, कारण हे मी दुसऱ्यांदा पाहते आहे. मला विज्ञान शाखेत जायचं होतं. आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती, कुलूप लावलेली. परीक्षानळी फुटली तर भरपाई कोण देणार म्हणून कपाट उघडत नसत. दहावीपर्यंत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. वडील म्हणाले, जे हाताने केलं नाहीस ते पुढे काय करणार, कॉमर्स घे. घेतलं. आज मी औषधांच्या घाऊक दुकानात बिलं लिहिते. गोळ्यांची नावं रोज हाताखालून जातात, त्या अंगात जाऊन काय करतात ते मला कधी कोणी शिकवलं नाही, मुलीने शिकवलं. प्रदर्शनासाठी बिनपगारी रजा घेतली. भरलेल्या बादल्या नेता येत नाहीत म्हणून तिथे नळ शोधत फिरले, शिपायाची बोलणी खाल्ली. ते सगळं मी विसरले असते. पण रात्री ती म्हणाली, पुढच्या वर्षी आपण दिव्यांचंच काहीतरी आणू या का. हे मी विसरणार नाही. तिच्यातली चिकित्सक वृत्ती एका दिवसात मारायला निघालात तुम्ही, आणि त्याला विज्ञानाचा प्रसार म्हणता.

भाषणात तुम्ही सयाजीराव महाराजांचं नाव घेतलंत. घेऊ नका हो! त्या राजाने 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाला सुरुवात केली आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात ते लागू केलं, इंग्रज सरकार ब्रिटिश हिंदुस्थानात तयार नसताना. 1890 मध्ये मुलांच्या हाताला हुन्नर यावा म्हणून कलाभवन काढलं. इथल्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आमच्यासारखी मराठी घरं त्यांच्याच काळापासून राहतात, त्यांचं नाव आमच्या देवघरातलं आहे. ते नाव घ्यायचं आणि मुलीच्या बादल्या जिन्याखाली ठेवायच्या, हे आम्हाला चालणार नाही.

कोठारी शिक्षण आयोगाने 1966 मध्ये सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात पुन्हा तेच सहा टक्के लिहिले. मध्ये चोपन्न वर्षं गेली! 1976 च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. नागरिकाचं कर्तव्य, आणि शासनाचं? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. जी मुलं दहावीनंतर विज्ञान घेणार नाहीत, त्यांना आपलं शरीर असं का घडलं हे शाळेत कधीच कळणार नाही. शिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर नेमायचे, असलेल्यांना निवडणुकीच्या याद्यांवर बसवायचं, आणि वर्षातून एकदा हॉल सजवून मुलांना विज्ञान दाखवा म्हणायचं. शिक्षकाला मुलाच्या वहीत डोकं घालायला वेळ कुठून येणार? परीक्षकाला तरी सवय कुठून लागणार?

माझं मागणं फार मोठं नाही. मुलांच्या कामाची तपासणी असेल त्या दिवशी कोणाचंही उद्घाटन, स्वागत, सत्कार ठेवू नका, तुमचाही नाही. प्रत्येक मुलाला परीक्षकांनी निदान पाच मिनिटं प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि त्याची वही आधी वाचली पाहिजे. निकषांप्रमाणे दिलेले गुण पालकांना पाहायला मिळाले पाहिजेत. दुकानातून आणलेलं मॉडेल असेल तर तसं टेबलावर लिहायला लावा. याला पैसे लागत नाहीत. याचा लेखी आदेश काढा आणि पुढच्या प्रदर्शनाच्या अर्जाबरोबर तो प्रत्येक शाळेला पाठवा. अर्ज साधारण जून-जुलैमध्ये येतात. मी शाळेत जाऊन तो आदेश मागणार आहे.

आपली,
एक आई
दांडिया बाजार, वडोदरा