पणजीहून, आषाढात

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, वाडीत तुम्ही "मुलगी हॉटेलात आहे" म्हणून सांगता, ते माझ्या कानावर आलं. हॉटेल नव्हे, बारच आहे. फोंतेन्ह्यासच्या एका गल्लीत, वीस-पंचवीस माणसांत भरून जाणारा. बहुतेक गिऱ्हाईक आजूबाजूचंच. कुणी सुनेला घेऊन येतं, कुणी सासूला. पिऊन लोळणारं अजून कुणी पाहिलं नाही. आमच्या दरात तेवढं पिणं परवडायचंही नाही म्हणा!

आई, तू ओरडशील, पण इथे मी दूध मुद्दाम नासवते. एप्रिलात काजूच्या बोंडांचा रस, फेणी आणि लिंबू एकत्र करून दुधात ओतलं. दूध फाटलं, ते फडक्यातून रात्रभर गाळलं. बोंड खाल्लं की घसा कसा धरतो? तो तुरटपणा चोथ्यातच अडकतो. सकाळी भांड्यात उतरलेलं अगदी नितळ, फिकट पिवळं. चव मात्र सगळी बोंडाची.

आपल्याकडे बी काढली की बोंडं झाडाखाली कुजतात. इथे त्यांचा रस आंबवून भट्टीवर एकदा उतरवला की हुर्राक, पुन्हा उतरवला की फेणी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुर्राक टिकत नाही, म्हणून तो उन्हाळ्यापुरताच. आता कुणी मागितला तर सरळ नाही म्हणते.

स्वयंपाकघरही तसंच हट्टी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून ताजी सुरमई नाही आणि बर्फातलीही आणायची नाही. सध्या आठळ्या उकडून लोण्यासारख्या मऊ वाटून घेतात, त्यावर लसूण घालून परतलेला टाकळा आणि कुरकुरीत सुकट. शेफ दिल्लीचा. टाकळा कोवळाच खुडायचा, हे त्याला मी सांगितलं, म्हणजे तूच. सोलकढीचा फेस करून माशावर ठेवायचं खूळ मात्र मला पटत नाही. सोलकढी वाटीनेच प्यावी.

एक काम आहे. घरामागच्या तिरफळाच्या झाडाला घोस धरले की हिरवे असतानाच काढून पणजीच्या गाडीने धाडा, वाळवू नका. मला ती फेणीत मुरवायची आहेत. किलोचा भाव मालकाने विचारलाय. बाबा, "घरचंच आहे" म्हणून पैसे नाकारू नका, बाजारभाव विचारून कळवा.

तुमची,
बाळी