कॅमेऱ्याला काय दिसायला नको, हे आधी विचारणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

अभ्यासिकेतल्या कॅमेऱ्यांच्या कामाचे पैसे घेणं तर सोडाच, तुम्ही तो विषयही काढू दिला नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत माझ्यासारखे अभ्यासिका चालवणारे बरेच जण आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत, ते त्यांच्याही कामाचं आहे.

माझ्याकडे परभणी, बुलढाणा, सोलापूरकडची मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. मुली रात्री उशिरा बाहेर पडतात तेव्हा जिन्यात आणि फाटकाशी कॅमेरा असावा, असं त्यांच्या आईवडिलांचं म्हणणं होतं, आणि ते रास्तच होतं. तुमच्याआधी जे बघून गेले त्यांचा पहिला प्रश्न असायचा, किती कॅमेरे लावायचे? तुम्ही विचारलंत, "कॅमेऱ्याला काय दिसायला नको?" मुलांच्या टेबलांवर एकही कॅमेरा रोखायचा नाही, हे तुम्ही उभ्याउभ्याच ठरवलंत. समोरच्या वाड्यातली एक खिडकी फाटकाच्या चित्रात येत होती, ती सेटिंगमध्ये जाऊन काळ्या चौकोनाने झाकलीत. त्या घरातल्या आजींना याचा पत्ताही नाही. त्यांच्या वतीनेही आभार मानते.

आमच्या वाड्याच्या भिंती इतक्या जाड, की वायफाय जिन्यापर्यंत पोचायच्या आत दम तोडतं. तुम्ही सरळ कॅट सिक्स ही नेटवर्कची केबल ओढायला लावलीत आणि पीओई स्विच, म्हणजे केबलीतूनच वीजही देणारा जोडडबा, आणायला सांगितलात. एकाच केबलीतून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला वीजही जाते. याचं पहिलं मानक २००३ साली आलं, स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत केबल १०० मीटरच्या आत हवी, हे सगळं काम करता करता सांगत होतात. खरा फायदा मला पावसाळ्यात कळला. राउटर, स्विच आणि चित्रण साठवणारा रेकॉर्डर एकाच यूपीएसवर असल्याने लाइट गेली तरी जिन्यातला कॅमेरा चालूच राहतो. आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते.

बसवताना मात्र तो कॅमेरा नेटवर्कवर दिसेचना. हिरवा दिवा लागलेला, केबल ठीक, पण ब्राउझरमध्ये काही उघडत नव्हतं. मी धीर सोडला असता. तुम्ही कॅमेरा उलटा करून तळाचं लेबल वाचलंत. कारखान्यातून त्याला नेटवर्कवरचा १९२.१६८.० या मालिकेतला पत्ता (आयपी) मिळाला होता, आणि आमचा राउटर १९२.१६८.१ या मालिकेतला. "हा कसब्यात, तो कोथरूडला. एकमेकांना हाका मारून काय ऐकू जाणार?" म्हणालात. लॅपटॉपला तात्पुरता कॅमेऱ्याच्या मालिकेतला पत्ता द्यायला लावलात, आणि लगेच लॉगिनचं पान उघडलं. मग कॅमेऱ्याला आमच्या मालिकेतला कायमचा पत्ता दिला, शेवटी ६४. राउटर आपणहून वाटतो ते पत्ते १०० पासून पुढे ठेवले, म्हणजे कुणाचा फोन येऊन कॅमेऱ्याची जागा घेणार नाही आणि रेकॉर्डरलाही तो रोज त्याच पत्त्यावर सापडेल. यातलं एकही बटण तुम्ही स्वतः दाबलं नाहीत. सगळं माझ्याकडून करून घेतलंत, वहीत लिहायला लावलंत.

मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते तुमच्या नकाराचे. बाहेरून फोनवर बघता यावं म्हणून एका दुकानदाराने राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देतो म्हटलं होतं, दोन मिनिटांचं काम. तुम्ही ठाम नाही म्हणालात. त्या दारातून आपण बघू शकतो तर दुसराही बघू शकतो, आणि इथे मुली येतात-जातात. मग २०१६ सालच्या मिराईची गोष्ट सांगितलीत. कारखान्यातून आलेले साठेक नाव-पासवर्डच वापरून बघत त्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट काही तास अडखळल्या. म्हणून आधी पासवर्ड बदलला, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम) नवं केलं, राउटरचं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना असं दार आपणहून उघडू देणारी सोय, बंद केलं. बाहेरून बघायला व्हीपीएन, म्हणजे पासवर्डवाला खासगी बंद रस्ता, लावून दिलंत. उघडायला एक पायरी जास्त लागते. लागू दे.

बाकीचंही तुमच्या वहीतलंच: सेकंदाला २ मेगाबिटने चित्रण केलं तर एका कॅमेऱ्याचं दिवसाला साधारण २१-२२ जीबी होतं, म्हणजे दोन कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क तीन आठवडे पुरते. रेकॉर्डर वेगळ्या कंपनीचा घेताना दोन्ही खोक्यांवर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून असलेलं मानक) लिहिलेलं बघायचं. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, तेही तपासायचं. वेळच चुकीची असेल तर चित्रण दाखवून उपयोग नाही.

मुलींना मी स्वतः रेकॉर्डरच्या पडद्यावर दाखवलं, काय दिसतं आणि काय दिसत नाही. एकीने टेबलांकडे वळून खात्री करून घेतली आणि पुन्हा वाचायला बसली. काका, हे तुमच्या त्या पहिल्या प्रश्नामुळे झालं.

मागच्या दाराशी तिसरा कॅमेरा लावायचाय. ६६ हा पत्ता राखून ठेवलाय, केबल मीच ओढणार आहे. जोडून झाला की एकदा येऊन बघाल का? दाराबाहेरच्या बोळात कुणाच्या घराचं काही दिसत असेल, तर ते तुमच्या नजरेला आधी दिसेल.

तुमची,
अभ्यासिकेतली ताई
सदाशिव पेठ, पुणे