‘पौंड’ म्हण, शऱ्या

कोथरूड, रविवार सकाळ

प्रिय शऱ्या,

लंडनला लेकीकडे जाताना पैसे कसे न्यायचे, कोणतं कार्ड वापरायचं, यावर काल फोनवर तासभर बोलून झाल्यावर तू म्हणालास, “हे सगळं लिहून पाठव बाबा, माझ्या डोक्यात राहत नाही.” फोनवर तू नुसता हो-हो करतोस आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारतोस, हे मला पाठ आहे. म्हणून बसलोय लिहायला. चहाचा दुसरा कप बाजूला आहे आणि ही आतून विचारतेय, “कुणाला एवढं रामायण?”

आधी तुझ्या पुतण्याने घातलेली भीती काढून टाकू. ‘परदेशात कार्ड वापरलं की वीस टक्के कर कापतात’ हे अर्धवट आहे. तो टीसीएस, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक आधीच कापून घेते तो आगाऊ कर. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षाला दहा लाखांच्या वर गेलास तरच तो वीस टक्क्यांचा प्रश्न येतो, आणि कापला गेलाच तरी आयकराच्या विवरणात वळता होतो. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) आणि डेबिट कार्ड त्या हिशेबात धरतात. तिथे जाऊन क्रेडिट कार्ड वापरलंस तर तो खर्च सध्या धरत नाहीत. तुम्ही दोघं सहा आठवडे लेकीकडे राहणार, घरचं जेवणार. दहा लाख कशाला लागतायत? पुतण्याला सांग, पोहे खा.

आता खरा जो पैसा जातो तो कुठे जातो ते ऐक. आपली साधी क्रेडिट-डेबिट कार्डं परदेशात वापरली की बँक मार्कअप लावते, म्हणजे चलन बदलण्याचे वरचे पैसे, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के. त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. लाखभर खर्च केलास की चार हजार एकशे तीस रुपये गेले, आणि बिलावर ते असे तुकड्या-तुकड्यांनी पडतात की लक्षातही येत नाही. मी २०२४ च्या मे महिन्यात लंडनला गेलो तेव्हा परत आल्यावर चष्मा लावून बसलो आणि ते सगळे तुकडे एका वहीत मांडले, तेव्हा कळलं. तोवर उशीर झाला होता.

याला उपाय आहे. मार्कअप न घेणारी कार्डं हल्ली बऱ्याच बँका देतात. तू म्हणालास, पेन्शनरला कोण देणार, पगाराची स्लिप नाही. अरे, मुदत ठेवीवर मिळतं. तुझ्या त्या एफड्या नुसत्या पडल्यात, त्यातली एक तारण ठेव आणि तिच्यावर कार्ड घे. ठेवीचं व्याज चालूच राहतं. अशा कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा भाव लागतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो आणि बाजारभावाच्या बराच जवळ असतो. फक्त घेताना दोन प्रश्न लेखी विचार: मार्कअप शून्य आहे का, आणि वार्षिक फी किती. ‘विमानतळावर लाउंज फुकट’ वगैरे सांगायला लागले तर ऐकून सोडून दे. दोन समोसे आणि एका कॉफीसाठी कुणी कार्ड निवडत नाही.

फॉरेक्स कार्ड तुझ्या डोक्यात बसलंय, कारण तुमच्या चौकातल्या त्या मनी चेंजरने तुला खुर्ची देऊन चहा पाजला. वाईट नाही ते कार्ड. पौंड आधीच भरून ठेवले की भाव ठरला, नंतर रुपया घसरला तरी तुला घोर नाही. पण तो पौंड तुला विकताना कोणता भाव लावतोय ते बघ. ‘मार्कअप नाही’ म्हणणारा बऱ्याचदा भावातच आपलं काढून घेतो. मोबाईलवर त्या क्षणाचा दर काढ आणि त्याच्या दराशेजारी ठेव, फरक समोर दिसेल. शिवाय तुम्ही तीन दिवस पॅरिसला जाताय. पौंड भरलेल्या कार्डाने युरोचं बिल दिलंस की ते पौंडातून युरोत जातं आणि त्याचा वेगळा आकार बसतो. म्हणून घेतलंसच तर त्यात थोडे युरोही भर, आणि तेवढ्यापुरतंच वापर. उरलेले पैसे परत करताना पुन्हा त्याचाच भाव, तोही खरेदीचा.

शऱ्या, आता हे नीट वाच, कारण माझा सगळ्यात मोठा गाढवपणा इथे झालाय.

आम्ही दोघं एका संध्याकाळी जेवायला गेलो होतो. बिल चाळीस पौंड. तिकडे कार्ड घेऊन कुणी आत जात नाही, मशीन तुझ्यासमोर आणतात. तो पोरगा घाईत होता, मशीन माझ्या नाकासमोर धरून उभा. पडद्यावर दोन बटणं: एकावर पौंड, चाळीस, दुसऱ्यावर आपले रुपये, चार हजार पाचशे पंधरा. खाली बारीक अक्षरात काहीतरी. मला काय वाटलं असेल? आपलेपणा वाटला रे. परमुलखात कुणीतरी रुपयांत विचारतंय. दाबलं रुपयाचं बटण. ही म्हणालीसुद्धा, “वा, किती सोय आहे.”

त्या दिवशी पौंड एकशे सहाच्या आसपास होता. म्हणजे बिल चार हजार दोनशे चाळीसचं. वरचे पावणेतीनशे हे त्या ‘सोयी’चे. तो भाव माझ्या बँकेचा नसतो, दुकानदाराच्या मशीनमागे जी कंपनी असते ती लावते, आणि हवा तसा लावते. पुढची मजा म्हणजे बिल रुपयांत असूनही व्यवहार परदेशातला, म्हणून माझ्या बँकेनेही एक टक्का आणि त्यावर जीएसटी घेतला. एका जेवणात सव्वातीनशेच्या वर गेले. साधं मार्कअपवालं कार्ड पौंडात वापरलं असतं तरी पावणेदोनशेत भागलं असतं. आणि हे एकदा नाही, चार-पाचदा केलं मी, कारण वही मांडेपर्यंत कळलंच नव्हतं.

तेव्हा दुकान असो, हॉटेल असो, एटीएम असो, विचारलं की ‘पौंड’ म्हण. पॅरिसला ‘युरो’ म्हण. एटीएमवाले हे फार गोडीत विचारतात, ‘खात्रीचा दर हवा का?’ वगैरे. नको म्हणायचं. नको म्हटलं म्हणून व्यवहार रद्द होत नाही, पैसे येतात. आणि वेटर घाईत असला तर असू दे. आपण वाचून झाल्यावरच बटण दाबायचं. रेशनच्या दुकानात तू तराजूचा काटा बघितल्याशिवाय पिशवी पुढे करत नाहीस, तोच शऱ्या तिकडेही राहू दे.

एटीएमचं आलंच आहे तर, क्रेडिट कार्डाने रोख काढू नकोस. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, ते पन्नास दिवस बिनव्याजी वापरायचं कौतुक तिथे लागू नाही. रोख हवीच तर डेबिट कार्डाने, आणि बँकेच्या भिंतीतल्या मशीनमधून. किराणा दुकानात कोपऱ्यात ठेवलेली मशीनं स्वतःचे वेगळे पैसे घेतात.

पण रोख लागतेच किती! लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत. चढायचं, पिवळ्या गोल यंत्रावर कार्ड टेकवायचं, बसायचं. मी गेलो तेव्हा पावणेदोन पौंड पडायचे, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे नाहीत. दिवसभर कितीही हिंडलास तरी एका रकमेच्या वर कापत नाहीत. पण त्यासाठी दिवसभर तेच कार्ड हवं. सकाळी कार्ड आणि दुपारी मोबाईलमधलं तेच कार्ड असं केलंस तर त्यांच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. ट्यूबमधून, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतून, उतरताना बाहेरही टेकवायचं, नाहीतर सगळ्यात लांबचं भाडं लागतं.

आणि माणशी एक कार्ड. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्यूबच्या गेटवर मी कार्ड लावून आत गेलो आणि हात मागे करून हिच्यासाठी पुन्हा तेच लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मी गेटच्या या बाजूला, ही त्या बाजूला खांद्याला पिशवी लावून उभी, मागे रांग. पाकीट माझ्याकडे, तिच्याकडे एक पेनीही नाही. शेवटी तिथल्या माणसाने येऊन सोडलं, पण ती दोन मिनिटं हिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. त्या रात्री तिने एकच वाक्य बोललं, “माझं कार्ड माझ्याकडे.” वहिनींना त्यांच्या नावाचं कार्ड दे. तुमचं जोडखातं आहेच, त्यावर त्यांचं वेगळं डेबिट कार्ड मिळतं. तो अर्ज उद्याच भर. दोघांची कार्डं एकाच बँकेची असू देऊ नकोस. एकाने हाय खाल्ली तर दुसरं चालायला हवं, आणि एक तुझ्या खिशात तर एक त्यांच्या पर्समध्ये.

तुझं पेन्शनचं रुपे कार्ड ने, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नकोस. आयफेल टॉवरची तिकिटं यूपीआयने मिळतात म्हणून २०२४ मध्ये तू मला तीनदा फॉरवर्ड पाठवलं होतंस. मिळतात, पण खालचा पाववाला क्यूआर दाखवणार नाही.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जा. २०२० पासून नवी कार्डं परदेशासाठी बंदच येतात, आपण चालू करायची. स्वाइप, टॅप आणि एटीएम चालू कर, परदेशी ऑनलाइन बंद ठेव, कारण बाहेरच्या कित्येक संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत. पॅरिसच्या रेल्वेचं तिकीट काढताना पाच मिनिटं चालू कर, लगेच बंद. आपलं सिम फोनमध्ये राहू दे, बँकेचे मेसेज त्यावरच येतात. आणि क्रेडिट कार्डाचं बिल खात्यातून आपोआप जाईल असं करून ठेव, नाहीतर तू तिकडे ट्यूलिप बघत असशील आणि इथे लेट फी चढत असेल.

पॅरिसच्या हॉटेलात अनामत म्हणून काही रक्कम अडकवतात. तिथे क्रेडिट कार्डच दे. डेबिट किंवा फॉरेक्स दिलंस तर स्वतःचे खरे पैसे आठ-दहा दिवस अडकून पडतात.

रोख म्हणशील तर दोघांत दीडशे पौंड खूप झाले, वीस आणि दहाच्या नोटांत. पन्नासची नोट बघून छोटे दुकानदार कपाळाला आठ्या घालतात. आणि तुझ्या मेहुण्याने बारा वर्षांपूर्वी आणलेले पौंड कपाटात आहेत म्हणालास ना, ते कागदाचे असतील तर दुकानात काढू नकोस. माझ्याकडेही वीसच्या तीन होत्या. काउंटरवरच्या मुलीने नोट दोन बोटांत घासली, उजेडाकडे धरली आणि इतक्या मऊपणे परत सरकवली की मीच खोटी नोट चालवतोय असं वाटलं. कागदी वीस आणि पन्नास तिकडे ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारात चालत नाहीत, आता सगळ्या प्लॅस्टिकच्या. पण पैसे बुडत नाहीत. थ्रेडनीडल स्ट्रीटवर बँक ऑफ इंग्लंड आहे, ती जुन्या नोटा कायम बदलून देते. पासपोर्ट घेऊन जा. रांग असते, पण इमारत बघण्यासारखी आहे, आणि सुईदोऱ्याच्या नावाच्या गल्लीत देशाची तिजोरी, हे मला फार आवडलं.

परत आल्यावर थोडे पौंड उरले तर मनी चेंजरकडे धावू नकोस. दोन हजार डॉलरपर्यंतचं परकीय चलन आपल्याला घरी ठेवता येतं. लेक तिथेच आहे, पुन्हा जाशीलच.

पिन मात्र पाकिटात लिहून ठेवू नकोस. तू ठेवणार, मला माहीत आहे. कॉलेजात सायकलच्या नंबराच्या कुलपाचा आकडा तू सीटच्याच खाली खडूने लिहिला होतास आणि वर मलाच दाखवला होतास. वहिनींना दोन्ही पिन तोंडपाठ करायला सांग, त्यांच्या लक्षात राहतात.

लेकीसाठी भडंग नेशील तेव्हा दोन पाकिटं पुण्यात माझ्याकडे उतरवून पुढे जा. विमानतळावर वजन जास्त भरलं तर तेवढंच कमी.

तुझा,
अव्या