मुलांच्या हाती खरी कामे द्या

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागात गुणवंतांचे सत्कार आणि त्यांना जोडून नेतृत्व विकासाची शिबिरे सुरू होतात. बेळगावातील सभागृहांपासून निपाणी, खानापूरच्या शाळांपर्यंत या उपक्रमांसाठी कार्यकर्ते मनापासून राबतात, प्रसंगी पदरमोड करतात, याबद्दल मला आदरच आहे. तरीही माध्यमिक शाळेत अनेक वर्षे शिकविल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, दोन दिवसांच्या व्याख्यानांतून मुलांना प्रमाणपत्र मिळते. परंतु निर्णय घेण्याची, तो तडीस नेण्याची आणि झालेल्या खर्चाचा हिशेब चारचौघांत मांडण्याची सवय त्यातून लागत नाही. ती लागावी असे वाटत असेल तर मुलांकडे खरे काम सोपवावे लागेल.

याची सुरुवात शालेय मंत्रिमंडळापासून करता येईल. जून-जुलैमध्ये बहुतेक शाळांत निवडणूक होते, मतपत्रिका किंवा हल्ली मोबाईलवर मतदान होते, शपथविधी होतो, वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि पुढे वर्षभर आरोग्यमंत्री झालेल्या मुलाला मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नाही, हे विचारण्याचा अधिकारही नसतो. पाण्याची टाकी, क्रीडासाहित्य, ग्रंथालय यांपैकी एखादे काम थोड्याशा निधीसह या मंत्रिमंडळाकडे द्यावे आणि शाळा विकास व देखरेख समितीच्या (एसडीएमसी) बैठकीत त्यांच्या प्रतिनिधीला बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावा. खर्चात चूक झाली तर ती मुलांनीच शोधून दुरुस्त करावी, शिक्षकांनी परस्पर सावरून घेऊ नये.

शाळेबाहेर तर याहून मोठी संधी आपल्या दारात आहे. कर्नाटक सरकारच्या आदेशानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा, म्हणजे मक्कळ ग्रामसभा, घ्यायची असते. अनेक ठिकाणी ती स्वागतगीत, पाहुण्यांची भाषणे आणि खाऊवाटप यांत आटोपते. ती मनावर घेतली तर काय होते, हे मी खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातील एका गावात पाहिले आहे. हायस्कूलसाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या नववीच्या मुलींनी एका वहीत रकाने आखले होते : तारीख, बसची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ आणि बस न थांबता पुढे गेली असेल तर तसा शेरा. महिनाभराच्या त्या नोंदी सभेत वाचून दाखविल्यावर, मोठ्यांच्या निवेदनांना एरवी मिळणारे 'बघतो, करतो' हे उत्तर कोणालाच देता आले नाही. पंचायतीने ठराव केला आणि वहीची प्रत जोडून तो बस आगाराकडे पाठविला. बस त्यानंतर रोज वेळेवर येऊ लागली असे मी म्हणणार नाही, पण थांब्यावर थांबू लागली. ती वही सांभाळणारी मुलगी वर्गात कधी आपणहून हात वर करणाऱ्यांपैकी नव्हती. व्यासपीठावर धीटपणे बोलणाऱ्या मुलांनाच आपण नेतृत्वगुणाचे मानतो, त्यामुळे अशी किती मुले आपल्या नजरेतून सुटत असतील याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा.

आणखी एक अडचण खास आपल्या भागातील आहे आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. पंचायतीची कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळविणारा मराठी शाळेतील विद्यार्थी पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर (पीडीओ) उभा राहिला की त्याची बोलती बंद होते. परिपत्रके आणि उतारे मराठीतूनही मिळावेत ही आपली मागणी रास्त आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. परंतु तोपर्यंत आपल्या मुलांनी मुके राहावे, हे मला मान्य नाही. मराठी शाळांतील कन्नडचा तास कविता आणि व्याकरण यांपुरता न ठेवता त्यात अर्ज, ठराव आणि बैठकीचे इतिवृत्त लिहायला शिकवावे. बालग्रामसभेत मुलांनी मराठीतच बोलावे, मात्र आपले निवेदन दोन्ही भाषांत स्वतः तयार करावे.

गल्लीतील मंडळांनाही माझी कळकळीची विनंती आहे. गणेशोत्सव, शिवजयंतीचे चित्ररथ, तसेच कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी येथील साहित्य संमेलने हे सारे सीमाभागातील तरुणांनी कष्टाने उभे केले आहे. पण त्यात मुलींच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत आणि अलीकडे ढोल-ताशा पथक एवढेच येते. वर्गणी ठरते, खर्च मंजूर होतो, त्या रात्रीच्या बैठकीला त्या नसतात. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या 50 टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि वयाच्या 21 व्या वर्षी निवडणूक लढविता येते. म्हणजे आज दहावीत असलेल्या मुलीला जेमतेम पाच-सहा वर्षांत सदस्य होता येईल. तिने तोवर एकही बैठक चालविली नसेल, जमाखर्चाची वही हाताळली नसेल, तर निवडून ती येईल आणि कारभार मात्र घरातील पुरुष पाहतील. हे चित्र आपण कितीतरी गावांत पाहत आहोत. मंडळांनी यंदापासून बैठका सायंकाळी लवकर घ्याव्यात आणि खजिनदाराबरोबर एका महाविद्यालयीन मुलीला सहखजिनदार म्हणून नेमावे. याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

1924 च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा सेवा दलाचे संस्थापक डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्यासारख्यांनी स्वयंसेवक म्हणून तरुणांना कामाला लावले होते. त्या अधिवेशनाची शताब्दी होऊन गेली; तरुणांना कामाला लावण्याची ती रीत मात्र आपण उचललेली नाही.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. बालग्रामसभांच्या बातम्या देताना प्रमुख पाहुण्यांच्या नावांऐवजी मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते छापावे, आणि तीन महिन्यांनी त्याच पंचायतीत पुन्हा बातमीदार पाठवून त्यांपैकी किती प्रश्नांवर कार्यवाही झाली, हेही वाचकांना सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
खानापूर, जि. बेळगाव