प्रतिकारक्षम कालवे म्हणजे विषाणूमुक्त कालवे नव्हेत

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील कालवशेतीवरील (ऑयस्टर या खाद्य शिंपल्यांच्या शेतीवरील) आपल्या लेखात, प्रतिकारक्षम बीज (शेतात सोडायची कोवळी कालवे) आल्याने विषाणूचा प्रश्न मिटला, असा सूर आहे. तो पटत नाही. पॅसिफिक कालवांना मारणाऱ्या हर्पिस वर्गातील विषाणूचा घातक प्रकार २००८ मध्ये फ्रान्समध्ये आढळला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात टास्मानियात पोहोचला. कालवांत आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, म्हणून नेहमीची लस चालत नाही. खुल्या खाडीत औषध टाकणेही व्यर्थ. त्यामुळे निवड पद्धतीने पैदास हाच भरवशाचा मार्ग, हे लेखातील म्हणणे योग्यच आहे.

पण ही निवड होते कशी? एकेका नर-मादीची पिल्ले वेगळी वाढवतात. त्यांतील काही भावंडांना विषाणूचा संसर्ग घडवून किती जगतात ते मोजतात आणि ज्या कुटुंबांत मर कमी, त्यांची संसर्गापासून दूर ठेवलेली भावंडे पुढच्या पिढीसाठी वापरतात. म्हणजे मोजले जाते ते जगणे. विषाणूचा अभाव नव्हे. तगलेल्या कालवाच्या शरीरात विषाणू राहू शकतो. असे बीज निरोगी खाडीत नेले, तर तिथल्या साध्या कालवांचा बळी जाऊ शकतो. शिवाय नखाएवढे कोवळे बीज, प्रतिकारक्षम वाणाचे असले तरी, मोठ्या कालवांपेक्षा लवकर दगावते. म्हणूनच बाधित भागातील बीजाच्या वाहतुकीवरील निर्बंध आणि तपासणी नव्या वाणाच्या भरवशावर सैल करू नयेत.

– एक वाचक, रत्नागिरी