मॅडम, त्या चाळीस मिनिटांबद्दल

आदरणीय मॅडम,

समोर उभं राहून हे बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

लिथियम बोरोहायड्राइड या घन क्षाराची स्फटिकरचना ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि लिथियम आयनांची वाहकता एकदम हजारेक पटींनी वाढते, हे २००७ पासून छापून आलेलं आहे. माझ्या आलेखात ती उडी १३० ला यायची. उडी कसली, चढणच ती. चार महिने एकच ऐकलं, "माल ओला झालाय, परत बनव." हवेतली ओल लागू नये म्हणून आर्गॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत, ग्लोव्हबॉक्समध्ये, हात खुपसून पाच वेळा बनवला. एका ज्येष्ठांनी तर आलेख न बघताच "हाताला शिस्त हवी" असं सुनावलं.

तुमच्याकडे मी फक्त थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, मागायला आले होते. तुम्ही विचारलंत, "थंड होतानाचं मोजलंस का?" मोजलं होतं, पण कुणी बघायलाच मागितलं नव्हतं. त्यात उडी ९५ ला! भट्टीचा आकडा पुढे पळत होता आणि माझी गोळी, म्हणजे दाबून बनवलेला नमुना, मागून रखडत येत होती, एवढंच.

मग थर्मोकपल गोळीजवळ बसवलं आणि तापमान स्थिरावेपर्यंत तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून राहिलात. चाळीस मिनिटं. फोन आला तर "कामात आहे" म्हणालात. काम म्हणजे माझी गोळी! ना माझी खुर्ची घेतलीत, ना माउसला हात लावलात. पडद्यावरचं गोळीचा रोध दाखवणारं मोठं अर्धवर्तुळ आक्रसून एवढंसं झालं, ते तुम्हाला माझ्याआधी दिसलं असणार. तरी मी ओरडेपर्यंत गप्प राहिलात.

जाता जाता म्हणालात, "इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही, आयन मात्र धावतो. म्हणून तर हे बॅटरीच्या कामाचं." सात इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी ऊर्जा, मी गणितं करकरून पाठ केला होता, पण त्याचा उपयोग तेव्हा कळला.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली, मॅडम. दुसऱ्याचा आनंद त्याच्याआधी उरकून न टाकणारी फार थोडी.

ते पाचही नमुने मी फेकले नव्हते. काल तुमच्या पद्धतीने, थांबत थांबत, परत मोजले. एकही ओला नव्हता.

तुमची,
शेजारच्या विभागातली गोळीवाली