शेवटची गाडी किती वाजता, हे क्लबने सांगायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आपल्या क्रीडा पानावर गोल, खेळाडूंच्या बदल्या, प्रशिक्षकांच्या मुलाखती असे सगळे सविस्तर येते. तो सामना पाहायला माणसे मैदानापर्यंत कशी पोचतात आणि रात्री घरी कशी परततात, याबद्दल मात्र सहसा एक ओळही नसते. आमच्या समर्थक गटाच्या प्रवासाची जुळवाजुळव मी करते. बस ठरवणे, आगाऊ रक्कम गोळा करणे, रेल्वेची तिकिटे काढणे, कोण कुठून चढणार याची यादी करणे हे सगळे माझ्याकडे असते. त्यामुळे क्लबच्या कारभारात काही बिनसले की सर्वांत आधी माझाच फोन वाजायला लागतो.

माझी तक्रार गैरसोयीबद्दल कमी आणि न सांगण्याबद्दल जास्त आहे. पाऊस पडतो, रस्त्याचे काम निघते, गाडी बंद पडते. ते कोणाच्याच हातात नसते आणि फुटबॉलवेडा माणूस ते कुरकुर न करता सोसतो. पण क्लबला जे दुपारीच ठाऊक असते ते आम्हाला रात्री पार्किंगच्या अंधारात कळावे, हे सोसवत नाही.

गेल्या हंगामातल्या एका रात्रीच्या सामन्याचे सांगते. मैदानावरून स्टेशनला नेणाऱ्या शटल बस मुख्य गेटसमोरून सुटतील, असे क्लबने कळवले होते. सामना संपल्यावर आम्ही तिथे आलो तर बाण दाखवणारा फलक जागेवर होता, बस एकही नव्हती. फलकाखाली कॉलेजच्या वयाचा एक स्वयंसेवक उभा होता. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीची खरखर सुरू होती आणि समोर शे-दोनशे माणसे एकच प्रश्न विचारत होती. तो पोरगा शेवटी रडवेला होऊन म्हणाला, “ताई, मलाही कोणी काही सांगितलेलं नाही.” बसथांबा मैदानाच्या मागच्या बाजूच्या पार्किंगमध्ये हलवला होता. पोलिसांनी पुढचा रस्ता दुपारीच बंद केला होता. हे आम्हाला कळले ते समोरून चालत आलेल्या एका बसचालकाकडून. आमच्यात गुडघ्याला पट्टा बांधून आलेले एक काका होते. एका बाईच्या खांद्यावर मूल झोपले होते आणि थंडी लागू नये म्हणून तिने त्याच्या डोक्यावर क्लबचा मफलर गुंडाळला होता. स्टेडियमच्या भिंतीला अर्धा वळसा घालून आम्ही मागे पोचलो तोवर रांग वळणापलीकडे गेली होती आणि शेवटची गाडी काही आमच्या नशिबात उरली नव्हती.

त्या वेळात मी क्लबचे अधिकृत पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. सामनावीराचे छायाचित्र आले, गुणतक्ता आला, पुढच्या सामन्याच्या तिकीटविक्रीची घोषणा आली. बसथांब्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे माणसे कामावर होती, फोन हातात होते, पान चालू होते. फक्त रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला काही सांगणे हे कोणाचेच काम नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी सविस्तर ईमेल लिहिला. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असे यंत्राने लगेच कळवले. नंतर माणसाचे उत्तर आले ते एवढेच, की वाहतुकीचे नियोजन संबंधित यंत्रणांकडे असते. हे उत्तर मला मान्य नाही. पोलीस, वाहतूक विभाग, बस कंपनी, रेल्वे, लीग, प्रक्षेपण करणारी वाहिनी अशा साऱ्यांचा यात वाटा असतो, हे मला ठाऊक आहे. पण यांपैकी कोणीही आम्हाला तिकीट विकलेले नाही. ते क्लबने विकले आहे. आमचे नाव, फोन नंबर आणि ईमेल पत्ता क्लबकडे आहे. या सगळ्यांशी बैठकीला बसतो तोही क्लबच. तेव्हा बैठकीत जे ठरले ते आमच्यापर्यंत पोचवणे त्याचेच काम आहे.

सामन्याच्या वेळा बदलण्याबाबतही तेच. लीग कार्यक्रम जाहीर करते, मग वाहिनी आपल्याला हवे ते सामने निवडते आणि वेळ सरकते. कधी बंदोबस्त पुरेसा नाही म्हणून पोलीस सामना दुपारी घ्यायला सांगतात. संघ चषक स्पर्धेत पुढे गेला की लीगचा सामना ढकलावा लागतो. हे जगभर चालते. पण बदल पक्का होण्याच्या आधी काही दिवस त्यावर बोलणी सुरू असतात आणि क्लब त्यात असतो. त्या दिवसांत त्याने एवढे जरी कळवले, की या सामन्याची वेळ अजून पक्की नाही, अमुक तारखेपर्यंत सांगू, तोवर पैसे परत न मिळणारी तिकिटे काढू नका, तरी आमचे निम्मे नुकसान वाचेल. तिकीटविक्री मंदावेल अशी भीती त्यामागे असावी, असे मला वाटते. पण ती भीती क्लबची आणि भुर्दंड आमचा, हा व्यवहार सरळ नाही.

हा भुर्दंड कसा बसतो तेही सांगते. बसमालक आगाऊ रक्कम परत देत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. त्या दिवसाचे दुसरे भाडे त्याने आमच्यासाठी सोडलेले असते. चालकाने किती तास गाडी चालवायची याला मर्यादा असते, म्हणून सामना दुपारवरून रात्रीवर गेला की परतीसाठी दुसरा चालक घ्यावा लागतो. रेल्वेची स्वस्तातली आगाऊ तिकिटे बहुधा त्याच गाडीपुरती चालतात. मग मी एकेकाला फोन करत बसते. यादीतून पहिली नावे कोणाची गळतात हे आता मला पाठ झाले आहे: लहान मुले असणाऱ्यांची, एकट्या येणाऱ्या बायकांची, ज्येष्ठांची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असणाऱ्यांची. जागेवर उरतात ते अंगात रग असलेले तरुण. स्टेडियममध्ये कुटुंबे दिसत नाहीत म्हणून क्लब अधूनमधून चिंता व्यक्त करतो. त्याने एकदा माझ्या याद्या पाहाव्यात.

शटल बसचे गणित तर शाळकरी मुलालाही सुटेल. समजा दहा बस आहेत आणि प्रत्येकीत 60 माणसे मावतात, म्हणजे एका फेरीत 600. स्टेशनला जाऊन परत यायला 40 मिनिटे लागतात. 3000 माणसे न्यायची तर पाच फेऱ्या हव्यात, आणि पाचवी फेरी सुटायला पहिल्या फेरीनंतर दोन तास 40 मिनिटे लागतील. स्टेशनवरून शेवटची रेल्वेगाडी सामन्यानंतर तासाभरात सुटणार असेल, तर निम्म्याहून अधिक लोक मागे राहणार हे आदल्या आठवड्यातच कागदावर दिसते. तेव्हाच ते सांगितले तर काही जण चालत निघतील, काही आपली गाडी आणतील, काही येणारच नाहीत. निर्णय ज्याचा त्याला घेता येईल.

त्यातच सामन्याची लांबी आता पूर्वीची राहिलेली नाही. 2022 च्या कतार विश्वचषकापासून वाया गेलेला वेळ काटेकोरपणे भरून देण्याकडे कल वाढला. त्या स्पर्धेतल्या इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही सत्रे मिळून सुमारे 27 मिनिटे वाढीव खेळ झाला होता. असे रोज घडत नाही, हे खरे. पण प्रवासाचे नियोजन अजूनही 90 मिनिटे आणि 15 मिनिटांचे मध्यंतर धरूनच केले, तर गाडी चुकणे ठरलेले. बाद फेरीचा सामना बरोबरीत राहिला तर बहुधा आणखी 30 मिनिटे आणि वर पेनल्टी. अशा सामन्याला निघताना आमच्या गटातली माणसे बरोबरी होऊ नये अशी प्रार्थना करतात. आपला संघ हरत असताना शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल व्हावा आणि त्या आनंदाच्या पोटात परतीच्या गाडीची धास्ती असावी, ही प्रेक्षकाची फार वाईट अवस्था आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. 28 मे 2022 रोजी पॅरिसजवळच्या स्टेड द फ्रान्स मैदानावर लिव्हरपूल आणि रियल माद्रिद यांच्यात चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या दिवशी मैदानाकडे जाणाऱ्या आरईआर बी या रेल्वेमार्गावर संप होता. त्यामुळे गर्दी दुसऱ्या मार्गाने आली आणि प्रवेशद्वाराआधीच्या अरुंद वाटेवर तुंबली. हजारो माणसे वेळेत येऊनही कुंपणाबाहेर अडकली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. आणि आत पडद्यावर काय लिहिले होते? प्रेक्षक उशिरा आल्यामुळे विलंब! स्पर्धा भरवणाऱ्या युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल फेब्रुवारी 2023 मध्ये आला. त्यात मुख्य जबाबदारी युएफावर ठेवण्यात आली आणि प्रेक्षकांवरचा ठपका निराधार ठरला. इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर 1989 मध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत 97 जीव गेले, तेव्हाही समर्थकांनाच दोषी धरले गेले होते. त्यांचा दोष नव्हता हे न्यायचौकशीतल्या ज्यूरीने सांगायला 2016 साल उजाडावे लागले. माणसे कुठून येणार, किती येणार, कोणता रस्ता बंद आहे ही माहिती जेव्हा दडून राहते, तेव्हा गर्दी चुकीच्या जागी साचते. म्हणून बसथांबा हलवल्याची एक ओळ मला क्षुल्लक वाटत नाही.

चांगले कसे करता येते याचीही उदाहरणे आहेत. जर्मनीत अनेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटातच स्थानिक बस, ट्राम आणि लोकल रेल्वेचा प्रवास धरलेला असतो. इंग्लंडमध्ये ब्रायटनचे नवे मैदान 2011 मध्ये खुले झाले तेव्हा क्लबने ठरावीक परिसरातला बस-रेल्वे प्रवास तिकिटातच दिला. अर्थात मोफत पास म्हणजे गाडी नव्हे. जर्मनीत झालेल्या 2024 च्या युरो स्पर्धेत तिकीटधारकांना 36 तासांचा स्थानिक प्रवासाचा पास होता, तरी गेल्सनकिर्शेनमध्ये इंग्लंड-सर्बिया सामन्यानंतर लोक ट्रामसाठी रात्री उशिरापर्यंत ताटकळले. पास छापणे सोपे; सामना सुटल्यावर पुरेशा गाड्या उभ्या करणे हे खरे काम.

ऐकून घेतले जाते, याचाही दाखला जर्मनीतच सापडतो. बुंडेसलिगा या तिथल्या अव्वल लीगने सोमवारी रात्रीचे सामने सुरू केले तेव्हा दूरवर प्रवास करणाऱ्या समर्थकांनी कडाडून विरोध केला. 2018 मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी मैदानात टेनिस बॉल फेकून खेळ थांबवला. 2021-22 च्या हंगामापासून ते सामने बंद झाले. आमच्या गटाला मैदानात काही फेकायचे नाही, पण एरवी आमचे कोणी ऐकत नाही असा अनुभव असताना तरुण पोरांना शांत ठेवणे दिवसेंदिवस जड जाते, हेही क्लबने लक्षात घ्यावे.

युएफाने 2012-13 पासून आपल्या परवाना नियमांत समर्थक संपर्क अधिकारी नेमणे क्लबांना बंधनकारक केले आहे. आम्हालाही तसा माणूस हवा आहे. पण तो नियोजनाच्या बैठकीत बसणारा हवा, सामन्याच्या रात्री शेवटचा प्रेक्षक निघेपर्यंत फोन चालू ठेवणारा हवा आणि वरच्या कोणाची परवानगी न घेता “थांबा बदलला आहे, मागच्या बाजूला या” असे जाहीर करण्याचा अधिकार त्याला हवा. नुसते पद निर्माण करून तक्रारींची पत्रे त्याच्या टेबलावर वळवली, तर त्या बिचाऱ्या माणसाची अवस्था फलकाखालच्या त्या पोरासारखी होईल.

आणखी एक. सामन्याच्या 75 व्या मिनिटाच्या सुमारास ध्वनिक्षेपकावरून आणि मोठ्या पडद्यावर परतीच्या गाड्या कुठून, किती वाजता आणि शेवटची कोणती हे सांगावे. त्या वेळी प्रेक्षक जागेवर असतो, ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो, आणि एकदम गेटकडे होणारी धावपळही टळते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा गर्दीत ज्यांचे नेटवर्क जाते, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. प्रवासाची सूचना एकाच ठिकाणी असावी आणि ती किती वाजता अद्ययावत केली हे तिच्यावर लिहिलेले असावे. जुनी सूचना काढून टाकावी. तिच्यावर विसंबून निघालेला माणूस काहीच न कळलेल्या माणसापेक्षा जास्त फसतो.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आठवड्याच्या सामन्यांचे वेळापत्रक आपण छापता, त्यात सामन्याच्या वेळेपुढे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ छापावी. क्लबने ती कळवली नाही, तर तो रकाना कोरा ठेवून छापावा.

आमच्या क्लबला या मागण्या मी स्वतंत्रपणे लेखी पाठवल्या आहेत. पुढच्या हंगामाची सीझन तिकिटे विक्रीला येण्याआधी त्यांवर लेखी उत्तर मिळावे, अशी आमच्या गटातल्या सर्वांची अपेक्षा आहे. तिकिटांचे पैसे आम्ही जमवायला सुरुवात केली आहे. ते भरायचे की नाही, हे त्या उत्तरावर ठरेल.

आपली नम्र,
एक सीझन-तिकीटधारक